उरलं ते मीठ

३ नोव्हेंबर, सोमवार

मीठ. मीठ. मीठ. सकाळपासून एवढंच चाललंय!

उठवून बसवलं – मीठ. तोंड पुसलं – मीठ. उशी पाठीशी नीट लावली, तरी मीठ. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, काय लावलंय मघापासून मीठ मीठ! डॉक्टरांनी बंद केलंय, ऐकलंत ना?" तर नुसते बघत राहिले. लहान पोराला उगाच फटका दिला की ते बघतं, तसे. आणि परत – मीठ.

दवाखान्यातून घरी आणताना वाटलं होतं, आपल्या खाटेवर पडले की सुधारतील. कसलं काय! उजवा हात गेला, उजवा पाय ओढत न्यावा लागतो, आणि बोलणं तर त्या एका सकाळीच गेलं. भट्टीतून पाव काढत होते. हातातली लांब फळी खाली पडली आणि मागोमाग हेही. सगळे शब्द तिथेच सांडले. माझं नाव गेलं, लेकीचं गेलं, शिव्या गेल्या – आणि शिव्या तर पोत्याने होत्या यांच्याकडे! हा एवढा एक राहिला. जन्मभर पाव भाजले, अख्ख्या गल्लीला खाऊ घातले, आणि तोंडात उरलं काय, तर मीठ. तेही खायचं नाही!

४ नोव्हेंबर

बोलणं शिकवणारी बाई येऊन गेली. पोरगीच आहे. सारखी बोलते. मी तिचं नाव बोलकी बाई ठेवलंय.

चित्रं दाखवली यांना. कप – मीठ. घर – मीठ. मांजर – मीठ. मला हसूही येईना आणि रडूही. बाई म्हणाली, "काकू, असं होतं. मेंदूला मार बसला की कधीकधी एखादाच शब्द अडकून राहतो. ते मीठ म्हणतात म्हणजे त्यांना मीठच म्हणायचंय असं नाही."

"मग काय म्हणायचंय?"

"ते आपण शोधायचं. सूर ऐका. डोळे बघा. लिहून ठेवत चला."

लिहून ठेवा म्हणे! चौथीत शाळा सुटली माझी. दुकानाच्या फळ्यावर 'पाव संपले' लिहायचे, तेवढंच माझं लिखाण. पण लिहिते. नाहीतरी या घरात आता उलटून बोलणारं कुणी नाही. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

तर – पाणी हवं असलं की हळू मीठ. ऊन डोळ्यावर आलं की कपाळाला आठ्या घालून मीठ. लघवीला लागली की मीठमीठमीठ, घाईघाईने. एवढं मला कळायला लागलंय. पण मधेच एक निराळंच मीठ येतं. वर चढतं आणि वरच टांगून राहतं. काहीतरी विचारल्यासारखं. आणि मग माझ्या तोंडाकडे बघत वाट बघतात. पाणी दिलं – नको. चादर ओढली – नको. खिडकी उघडली, लावली – नको. मान फिरवून घेतात भिंतीकडे.

काय विचारता हो? मी कोण, असं तर नाही ना विचारत?

६ नोव्हेंबर

डॉक्टरांना विचारलं, "यांना मी कळते का?" ते म्हणाले, "किती कळतं ते सांगता येत नाही." मोठा दवाखाना, मोठं मशीन, आणि सांगता काय, तर सांगता येत नाही! मला दुसरं काही नको. चालू नका, काम करू नका, पण समोर कोण उभंय ते कळतंय एवढं कळू दे.

७ नोव्हेंबर

केलं शेवटी. सूपमधे चिमूटभर टाकलं. चोरून. स्वतःच्याच घरात चोरासारखी! म्हटलं, एवढा जीव अडकलाय तर जाऊ दे एकदा पोटात.

पहिला घोट घेतला आणि भुवई चढली. म्हणजे चव कळली. प्यायले सगळं. मी वाट बघत बसले, आता काही होईल. वाटी रिकामी झाली, माझ्याकडे बघितलं, आणि तेच टांगलेलं – मीठ?

मग मी बरणीच आणून मांडीवर ठेवली. घ्या! बघा! हेच ना? बरणीकडे असं बघितलं, जसं काही शेजाऱ्याची चप्पल चुकून आपल्या दारात आली आहे. डाव्या हाताने बाजूला सारली. आणि पुन्हा माझ्याकडे.

म्हणजे मीठ नकोय! मग काय हवंय ते कुठल्या बरणीत शोधू?

९ नोव्हेंबर, रविवार

लेक आली. कॉलेजात भाषा शिकवते. बापाचा जीव की प्राण. आल्या आल्या त्याच्या पायाशी बसली, पाय चेपत राहिली. हे तिच्याकडे बघून गप्प. एक शब्द नाही. हाक मारली, गोंजारलं, तरी गप्प. ती स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय, मला तर दिवसभर ऐकावं लागतं, तुला एक दिवस नाही ऐकवलं तर नशीब समज."

नाक ओढत म्हणाली, "आई, मी शोधलं. मीठ हा शब्द कुठून आला ते."

"मिठागरातून आला असेल."

"अगं, ऐक तर! मिष्ट हा जुना शब्द. मिष्ट म्हणजे गोड. मिष्टान्न म्हणतो ना? तेच मिष्ट बोलता बोलता घासत घासत मीठ झालं."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? साखरेचा डबा आणि मिठाचा डबा एक झाला तर घर बुडेल!"

"मिष्ट म्हणजे गोड, तसंच चवदारही. पदार्थाला चव आणतं ते मिष्ट. मग तेच नाव त्या खाऱ्याला चिकटलं. खाऱ्याला आधीचा शब्द होता लवण."

"तो कुठे मेला?"

"मेला नाही. तू अळणी म्हणतेस ना, त्यात आहे. अ-लवण, लवण नाही ते अळणी. लोणच्यात आहे. लावण्यातही आहे."

"लावण्य म्हणजे रूप ना गं?"

"हो. मुळात खारटपणा. खारटपणा म्हणजे चव, चव म्हणजे गोडी, गोडी म्हणजे रूप."

मी तिथूनच ओरडले, "ऐकलंत का हो! तरुणपणी मी भारी खारट होते म्हणे!"

खाटेवरून आवाज आला. धावत जाऊन बघितलं. तोंडाची डावी बाजू वर गेलेली. हसले का? की तोंड वाकडं झालं? लेक म्हणते हसले. मला नक्की सांगता येत नाही. नवरा हसतोय की नाही हेही आता दोघींनी मिळून ठरवायचं!

जेवताना मी तिला विचारलं, "गोडाचं नाव उचलून खाऱ्याला दिलं, तेव्हा कुणी भांडलं नाही? कुणी म्हणालं नाही, काय मूर्खपणा चाललाय?"

म्हणाली, "कुणा एकाने नाही दिलं गं. हळूहळू सरकत गेलं, कितीतरी पिढ्या. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते ऐकणाऱ्याला कळलं की झालं. शब्दाला तेवढंच लागतं."

ती गेली, पण ते मनातून जात नाही. लोकांना पिढ्या लागल्या, यांनी एका सकाळीच सरकवला. पाणी म्हणजे मीठ, पडदा म्हणजे मीठ. ऐकणाऱ्याला कळलं की झालं म्हणे. इथे ऐकणारी मीच ना! आणि मलाच कळत नाही.

१० नोव्हेंबर

आज कुणाशीच बोलले नाही. मिठाशी बोलले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रेडिओ येऊन गेला. रेडिओ म्हणजे आमच्या बेकरीतला कारागीर. तोंड बंद नसतं म्हणून यांनीच ते नाव पाडलं. आता बेकरी तोच बघतो, त्याचा भाचा हाताशी असतो. गरम पाव घेऊन आला.

"मालक, कसं काय? माझी बडबड नाही तर करमत नसेल! आणि तिकडे मला शिव्या घालायला कुणी नाही, त्यामुळे पाव फुगत नाहीत बघा."

हे गप्प. रेडिओने कितीही खुंट्या पिळल्या तरी शब्द नाही. पाव मात्र डाव्या हातात धरला. दाबून बघितला, कानाशी नेला, बोटाने ठोकला. तसंच करायचे, आवाजावरून भाजणी ओळखायचे. मग तुकडा तोंडात घातला आणि थांबले. रेडिओला ओलांडून माझ्याकडे बघितलं. मीठ?

रेडिओचं तोंड एवढंसं झालं. "बघा! कळलं यांना! वहिनी, खरं सांगू का? आज घाण्यात मीठच पडलं नाही. मला वाटलं भाच्याने टाकलं, भाच्याला वाटलं मी टाकलं. अर्धं गिऱ्हाईक शिव्या घालत परत आलं."

मी पाव चाखला. अळणी! कापूस चावल्यासारखा! अशी तापले त्याच्यावर. "एवढी वर्षं काय झोपा काढल्या का रे तिथे? यांनी वर आणलेलं दुकान तुम्ही दोघं मिळून बुडवा!" बिचारा खाली मान घालून गेला. गरम पाव आणून देणाऱ्या माणसाला मी हाकलून दिलं. माझं हे असंच.

उद्या स्वतः जाऊन बघते.

१४ नोव्हेंबर

लेकीला बोलावून घेतलं, यांच्यापाशी बसवलं आणि बेकरीत गेले. हे पडल्यापासून पाय ठेवला नव्हता तिथे.

सगळं जिथल्या तिथे. पिठाची पोती, काळे पडलेले साचे, यांचा टॉवेल खिळ्याला तसाच. रेडिओने मैदा ओतला, पाणी ओतलं, आणि मळायचं मशीन सुरू करायला हात नेला. मी कोपऱ्यात उभी. आणि माझ्या तोंडातून निघालं – मोठ्याने, भट्टीच्या आवाजातही ऐकू जाईल असं –

"टाकलं!"

रेडिओ दचकला. "काय टाकलं वहिनी? अजून कुठे टाकलं?"

कुणी मला काही विचारलं नव्हतं. तोंडच बोललं. हात मशीनकडे गेला की मी टाकलं म्हणायचं, ही सवय हाडात गेलीये माझ्या!

मी पिठाच्या पोत्यावरच बसले.

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा असंच झालं होतं. यांनी मीठ टाकलं, मला वाटलं राहिलं, मीही टाकलं. पाव खारट दगड! सासऱ्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "एकाने विचारायचं, एकाने सांगायचं. सांगितल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही!" त्या दिवसापासून मीठ माझ्या हातचं. हे मशीनपाशी उभे राहायचे, भट्टीच्या आवाजात ओरडायचे – "मीठ?" मी पलीकडून ओरडायची – "टाकलं!" मग खटका दाबायचे. रोज. प्रत्येक घाण्याला. भांडण असो, ताप असो, अबोला असो. अबोल्यात तर आमचं दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं. मीठ? टाकलं. श्वास घेतो ते कुणाला आठवतं का? तसं झालं होतं ते. म्हणून सापडलं नाही मला. आणि मी जगभर शोधत होते! लेक पार जुन्या काळापर्यंत जाऊन आली, आणि ते निघालं त्या मशीनपाशी.

तरीच लेकीशी गप्प. तरीच रेडिओशी गप्प. ते विचारायचं असतंच मला. दुसऱ्या कुणाला विचारून काय उपयोग?

आणि एवढे दिवस माणूस मशीनच्या खटक्यावर हात ठेवून उभा आहे. मी पाणी देते, चादर देते, ओरडते. जे द्यायचं तेच देत नाही.

धावत घरी आले. चपला काढायचंही सुचलं नाही. लेक म्हणाली, "काय गं, झालं काय?" हे माझ्याकडे बघून – मीठ?

मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले – "टाकलं!"

मान मागे टाकली. डोळे मिटले. डाव्या हाताने पांघरूण दोनदा थोपटलं. मशीन सुरू केलं की त्यालाही असेच थोपटायचे. आणि झोपले. दिवसाढवळ्या, गाढ, घोरायला लागले!

मी रडले नाही. कांदा चिरायला घेतला. मग काय झालं ते कांद्याचं.

१५ नोव्हेंबर

मीठ? टाकलं! मीठ? टाकलं! आज कितीदा झालं मोजलं नाही. लेक हसत होती, "आई, शेजारचे म्हणतील, किती मीठ खातात ही माणसं!" म्हणू देत.

मी कळते यांना. आता डॉक्टरांनी सांगितलं नाही तरी चालेल.

१८ नोव्हेंबर

कालपासून कमी झालंय. आज सकाळी एकदा. उत्तर दिलं, थोपटलं, डोळे मिटले. त्यानंतर नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काही नाही. पाण्याला नाही, पडद्याला नाही. पाणी हवं असलं की ग्लासाकडे बघतात. मीठ सुद्धा नाही.

२१ नोव्हेंबर

बोलकी बाई आली. सगळी हकीकत सांगितली. तिचा चेहरा उतरला, मग तोंडभर हसली – नको तेव्हा हसतात तसं. म्हणाली, "वाट बघू या, काकू." मी म्हटलं, "माझं चुकलं का? उत्तर द्यायला नको होतं का?" म्हणाली, "असं काही नसतं हो." नसतं तर मग तोंड का उतरलं गं तुझं?

लेक फोनवर म्हणते, "बाबांचं समाधान झालं असेल, आई. उत्तर मिळालं ना त्यांना."

समाधान गेलं चुलीत! एवढा एकच शब्द होता माणसाकडे, तोही मी संपवला. मीठ टाकलं, घाणा झाला, मशीन बंद. आता काय विचारतील? आधी कळत नव्हतं म्हणून मी चिडत होते. आता कळलं, तर ऐकायलाच काही नाही. कुणावर ओरडू?

२४ नोव्हेंबर

बरणी समोर धरली. बघितलं नाही.

रेडिओला बोलावलं, म्हटलं शिव्या घाल, काहीही कर. तो येऊन बसला आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसला. जाताना म्हणाला, "वहिनी, मला नाही बोलवत यांच्यासमोर."

मीच कानाशी वाकून म्हटलं, "टाकलं." आपणहून. नुसतं बघितलं. कुणी न विचारता उत्तर दिलं तर ते उत्तर तरी कसलं?

२७ नोव्हेंबर

घर अळणी झालंय. हा शब्द मी आयुष्यभर आमटीला नि पावाला वापरला.

२९ नोव्हेंबर

आज ओरडले. वाटेल ते बोलले. म्हटलं, "तोंड आहे ना? चालवा की! मीठ म्हणा, नाही तर दगड म्हणा, पण बोला! मी काय भिंतीशी संसार केला?" डोळ्यात पाणी आलं यांच्या. नुसतं डाव्या डोळ्यात. मी पदराने पुसलं आणि गप्प स्वयंपाकघरात गेले. काय करू? काहीच करता येत नाही. पाठ पुसते, कपडे बदलते, भरवते. हात चालतात. बाकी काही चालत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

घरीच पाव करायला घेतला. एका बिनमिठाच्या पावासाठी बेकरीत वेगळा घाणा लावता येत नाही, आणि यांना तोच द्यायचा. पण मळताना डोकं कुठे भलतीकडे. सवयीने मीठ पडलं की काय, आठवेना. दोन्ही हात पिठात. मी मान वळवून खोलीकडे ओरडले, खरंच विचारायचं म्हणून, "मीठ?"

आतून आवाज आला. जड, घोगरा. पण स्पष्ट.

"टाकलं."

मी तशीच पिठाच्या हातांनी दारात. विश्वास बसेना. पुन्हा विचारलं, "मीठ?"

तर चिडले! एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारलेलं यांना कधी खपलंय? "टाकलं!!"

चाखून बघितलं. टाकलेलं नव्हतं. तसाच भाजला. दोघांनी मिळून सगळा संपवला. गोड लागला.